मुका मार

मासिकाच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं संपादक मंडळातल्या मित्राने बजावलं तेव्हा त्याच्या मनात काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. होस्टेलचा पहिला दिवस, मेसमधली फ्लॉवरची भाजी, सबमिशनच्या आदल्या रात्रीची पळापळ, किंवा झालंच तर पावसावर एखादी कविता! या सगळ्यावर आपल्याकडे दरवर्षी लिहिलं जातं आणि ते वाचायला मलाही आवडतं. पण या वर्षी मी लिहिणार आहे स्वादुपिंडावर. होय, स्वादुपिंड. पॅनक्रिआज. मेकॅनिकलच्या पोराला हे काय सुचलं, असं वाटेल तुम्हाला. पण दहा मिनिटं द्या, मग ठरवा.

लिहायला बसण्याआधी आमच्या विंगमध्ये एक छोटासा सर्व्हे केला. प्रश्न एकच, "स्वादुपिंड कुठे असतं रे?" एकाने बरगड्यांवर हात ठेवला. दुसऱ्याने कमरेवर. तिसरा म्हणाला, "तो चॅप्टर मी ऑप्शनला टाकला होता!" कॉम्प्युटरवाला म्हणाला, "थांब, सर्च करतो." तात्पर्य काय, तर ज्या अवयवावर आपलं तिन्ही त्रिकाळ जेवण पचतं, त्याचा पत्ता आमच्या अख्ख्या विंगला माहीत नाही. मला मात्र आता झोपेतून उठवून विचारलंत तरी चित्र काढून दाखवीन. का, ते पुढे येईलच.

तर स्वादुपिंड असतं पोटाच्या अगदी मागच्या भिंतीला चिकटून. समोर जठर, मागे पाठीचा कणा आणि या दोघांच्या मध्ये आडवं पसरलेलं. लांबी साधारण १५ सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. उजवीकडचा जाड भाग म्हणजे डोकं. लहान आतड्याच्या सुरुवातीला इंग्रजी सी अक्षरासारखं जे वळण असतं, त्यात ते बसलेलं. मग मान, मग धड, आणि डावीकडे निमुळती शेपटी, ती थेट प्लीहेपर्यंत पोचलेली.

याच्याकडे खाती दोन. एक इन्सुलिनचं, ते आपण सगळे ऐकून असतो, कारण प्रत्येकाच्या घरात एखादे काका किंवा आजी 'शुगरवाले' असतातच. दुसरं खातं पाचक रसाचं. स्वादुपिंड दिवसाला सुमारे दीड लिटर रस तयार करतं. मांस, तूप, भात, पोळी, सगळं विरघळवायची ताकद त्या रसात असते. हा रस आपल्याच अवयवाला का खात नाही? कारण स्वादुपिंडात असताना तो निद्रिस्त असतो. मधोमध शेपटीपासून डोक्यापर्यंत एक बारीक नळी जाते, जेमतेम तीन मिलिमीटर व्यासाची. तिच्यातून तो आतड्यात उतरतो आणि तिथे गेल्यावरच जागा होतो. प्लँट लेआउट म्हणून बघितलं तर झकास डिझाइन आहे! ज्वालाग्राही माल बनवायचा एका शेडमध्ये, तो पेटवायचा दुसऱ्या शेडमध्ये, आणि मध्ये एक पाइपलाइन.

आता प्रश्न असा, की ही पाइपलाइन मधेच तुटली तर?

खडकीत राहणाऱ्याला जखमांचं तसं अप्रूप नसावं. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशवे आणि इंग्रज यांची लढाई इथल्याच माळावर झाली. महायुद्धांत गेलेल्या सैनिकांची वॉर सिमेट्री इथे आहे. मिलिटरी हॉस्पिटल इथे आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन पाय गेलेल्या जवानांचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरही इथेच आहे. त्या बाजूने जाताना व्हीलचेअरवरून बास्केटबॉल खेळणाऱ्या जवानांबद्दल ऐकलं की आपली केटी वगैरे दुःखं अगदीच किरकोळ वाटायला लागतात. पण ही सगळी झाली दिसणाऱ्या जखमांची गोष्ट. मी सांगणार आहे ती न दिसणाऱ्या जखमेची. आपल्याकडे तिला फार चांगला शब्द आहे, मुका मार.

माझा रूममेट, त्याला आम्ही सगळे 'मास्तर' म्हणतो. पोरगा अभ्यासू, बार्शीकडचा, घरी शेती. मागच्या जुलैमध्ये एका संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तो रेंज हिल्सकडून बाइकवर येत होता. पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता ओला. स्पीड म्हणाल तर वीस-पंचवीस. डोक्यावर हेल्मेट होतं, अगदी पट्टा लावलेलं. कुत्रं आडवं आलं, याने ब्रेक दाबला, पुढचं चाक घसरलं आणि हँडल फिरून त्याची मूठ थेट याच्या पोटात, बेंबीच्या चार बोटं वर. बस, एवढंच. ना समोरून ट्रक, ना डिव्हायडर. उठला, गाडी उचलली, आणि चालवत रूमवर आला! कोपर सोललेलं, पॅंट फाटलेली. पोटावर एक गोल, लालसर वळ. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा.

आम्ही दोघं लगेच जवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कोपर धुतलं, टीटीचं इंजेक्शन दिलं, पोट दाबून पाहिलं आणि खात्रीसाठी सोनोग्राफी करायला सांगितली. साडेसातला रिपोर्ट हातात. सगळं नॉर्मल. "दुखायला लागलं तर परत या," असं म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या. येताना मास्तर चक्क दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिकलबद्दल बोलत होता.

रात्री जेवला नाही. भूक नाही म्हणाला. बाराच्या पुढे कुशी बदलायला लागला. दोन वाजता उठून बसला, गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून. "पोट दुखतंय का?" विचारलं तर म्हणाला, "पोट नाही रे, पाठ दुखतीय. आरपार." मग उलटी झाली. मी त्याला घेऊन खाली उतरलो.

गेटवर आमचे वॉचमन काका होते. काका फौजेत होते, आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट. होस्टेलमध्ये कुणाला काही झालं की रेक्टर सरांच्या आधी आम्ही काकांकडे जातो. काकांनी बॅटरीच्या उजेडात मास्तरचा चेहरा पाहिला, मनगट धरलं आणि मला विचारलं, "लागलं कशाने?"

"गाडीवरून पडला काका. पण सोनोग्राफी नॉर्मल आहे."

"ते नाही विचारलं. लागलं कशाने?"

मी शर्ट वर करून वळ दाखवला. "हँडल लागलं."

काकांनी पुढे काही विचारलंच नाही. सरांना फोन लावला. सरांनी पाच मिनिटांत गाडी काढली. गाडीत बसवताना काका मला म्हणाले, "डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांग, की पोटात हँडल घुसलं होतं आणि वेळ किती झाला. रिपोर्ट नंतर दाखव. गोळी लागली की भोक दिसतं रे बाळा, पोट उघडल्याशिवाय कुणी सोडत नाही. मुक्या माराला मात्र माणूस घरी पाठवतात."

पहाटे तीनला शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मी ते वाक्य सांगितलं. ड्युटीवरची डॉक्टर माझ्याच वयाची असेल. तिने पेन खाली ठेवलं आणि सर्जनना उठवायला सांगितलं.

इथे थोडं थांबून हँडलचं गणित करू, नाहीतर इंजिनिअरिंगचं मासिक कशाला म्हणायचं! ६० किलोचा माणूस, ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. अर्धा एम व्ही स्क्वेअर केलं की येतात सुमारे ९२५ ज्यूल. हाच माणूस दीड मीटर उंचीवरून खाली पडला तर एवढीच एनर्जी. ती सगळी पोटात जात नाही हे कबूल. पण जी जाते ती हँडलच्या मुठीच्या टोकातून जाते. व्यास तीन सेंटिमीटर धरा, क्षेत्रफळ आलं सात चौरस सेंटिमीटर. बल तेच, क्षेत्रफळ एवढंसं, मग प्रेशर किती? समोरून मूठ आत येते, जठर मऊ असल्याने बाजूला सरकतं, मागे मात्र पाठीचा कणा. तो हलत नाही. ऐरणीवर ठेवून हातोडा मारावा तसं स्वादुपिंड या दोघांत सापडतं आणि बरोबर कण्यासमोर, मानेपाशी दुभंगतं. सायकलवरून पडलेल्या लहान मुलांत ही इजा याच पद्धतीने होते. कारमध्ये स्टिअरिंग पोटावर आदळून होते. हेल्मेट डोकं वाचवतं, आणि ते घालायलाच हवं, पण पोटाला हेल्मेट नाही.

मुक्या माराने स्वादुपिंड तुटल्याची पहिली नोंद १८२७ सालची आहे. म्हणजे खडकीच्या लढाईनंतर दहाच वर्षांनी. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधले सर्जन बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी ती केली. दारूच्या नशेतल्या एका बाईला घोडागाडीच्या चाकाची धडक बसली होती. ती वाचली नाही. शवविच्छेदनात स्वादुपिंडाचे आडवे दोन तुकडे झालेले दिसले. म्हणजे त्या काळी निदान व्हायचं ते माणूस गेल्यावर. पुढे भूल आली, शस्त्रक्रिया सुधारल्या, तरी कित्येक वर्षं पोट उघडल्याशिवाय आत काय झालंय ते कळायला मार्ग नव्हता. तो मार्ग काढला एका इंजिनिअरने! ई.एम.आय. कंपनीतले गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी बनवलेल्या यंत्रावर १९७१ मध्ये पहिल्या पेशंटचा सीटी स्कॅन झाला. १९७९ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. सर्किट्सचा कंटाळा आला की मी हल्ली हे आठवतो.

पण सीटी आला म्हणून सगळं सोपं झालं असं नाही. मास्तरच्या निमित्ताने मी जे शिकलो ते हेच, आणि या लेखात सांगण्यासारखं खरं तर एवढंच आहे. स्वादुपिंडाची इजा पहिल्या काही तासांत कुठल्याच तपासणीत धड सापडत नाही. सोनोग्राफीत पोटात रक्त साचलेलं दिसतं, पण स्वादुपिंड इतकं मागे आणि आतड्यांतल्या हवेआड असतं की ते स्वतः नीट दिसत नाही. पोट दाबून पाहावं तर तो अवयव पोटाच्या अस्तराच्या मागे, त्यामुळे पुढचं पोट सुरुवातीला मऊच लागतं आणि दुखतं पाठीत. रक्तातलं अमायलेज नावाचं एन्झाइम वाढतं, पण मार लागल्यापासून पहिल्या तीन तासांत ते नॉर्मल असू शकतं. कधी स्वादुपिंड तुटूनही वाढत नाही, तर कधी दुसऱ्याच कारणाने वाढतं. सीटी स्कॅनसुद्धा पहिल्या बारा तासांत चकवू शकतो, कारण तुटलेली दोन टोकं एकमेकांना टेकून असतात. रस झिरपायला लागला, सूज आली, की मग फट दिसते.

मग डॉक्टर करतात काय? तर पुन्हा बघतात. अमायलेज आणि लायपेज काही तासांनी परत तपासतात आणि आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय ते बघतात. संशय दाट असेल तर पहिला सीटी ठीक असला तरी १२ ते २४ तासांत दुसरा काढतात. जगभरच्या ट्रॉमा सर्जननी २०१९ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. आपण वर्कशॉपमध्ये जॉब एकदा गेजला लावतो, बसला की 'ओके' म्हणून बाजूला ठेवतो. शरीर तसं नाही. तो रिपोर्ट त्या तासापुरता असतो. साडेसात वाजताचा मास्तरचा रिपोर्ट खोटा नव्हता. साडेसातला तो खराच नॉर्मल होता! म्हणून त्या पहिल्या डॉक्टरांना मी बोल लावणार नाही. त्यांनी 'दुखलं तर परत या' म्हटलं होतं आणि आम्ही परत गेलो. फक्त या चार शब्दांची किंमत आपल्याला ठाऊक हवी.

पहाटे साडेतीनला घेतलेल्या रक्तात अमायलेज थोडंसंच वाढलेलं होतं. सकाळी साडेनऊला तेच कित्येक पट! सीटीत स्वादुपिंडाच्या मानेच्या डावीकडे एक काळी रेघ आणि मागे पाणी. मग एम.आर.सी.पी. नावाची एम.आर.आय.ची तपासणी झाली, ज्यात फक्त नळ्या उठून दिसतात. डोक्याकडून येणारी पांढरी रेघ मध्येच थांबलेली होती.

ही नळी सगळ्यात आधी दाखवली ती १६४२ मध्ये, इटलीतल्या पादुआ शहरात. योहान गेऑर्ग विरसुंग नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने एका मृतदेहात ती पाहिली आणि तिचं चित्र चक्क तांब्याच्या पत्र्यावर कोरून मोठमोठ्या विद्वानांना छापून पाठवलं. ही नळी असते कशाला, हे त्याला माहीत नव्हतं. पुढच्याच वर्षी गोळी घालून त्याचा खून झाला. नळीला मात्र आजही त्याचंच नाव आहे. पावणेचारशे वर्षांपूर्वीचा तो माणूस, आणि त्याच्या नावाची तीन मिलिमीटरची नळी माझ्या मित्राच्या पोटात तुटलेली!

सर्जन सरांनी मला आणि आमच्या सरांना केबिनमध्ये बोलावलं आणि केसपेपरच्या मागे चित्र काढलं. म्हणाले, "जखम किती मोठी आहे याला फारसा अर्थ नाही. नळी शाबूत आहे की तुटली, आणि तुटली तर कुठे, एवढंच बघायचं." अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेने १९९० मध्ये या इजांच्या पाच पायऱ्या ठरवल्या, पुढे त्यात सुधारणाही झाल्या. पण गाभा हाच. पहिल्या दोन पायऱ्यांत खरचटणं, चेचणं, चीर असते, पण नळी शाबूत. तिथे बहुतेक वेळा कापाकापी लागत नाही. लक्ष ठेवायचं, सलाईन, आणि सोसेल तसं खाणं सुरू. तिसऱ्या पायरीत नळी तुटलेली, पण डावीकडे, धडात किंवा शेपटीत. चौथ्यात उजवीकडे, डोक्याच्या बाजूला. पाचव्यात डोक्याचाच चुराडा. मास्तर तिसऱ्या पायरीवर होता.

मी विचारलं, "सर, नळी जोडता नाही का येणार?" पाइपलाइन फुटली की वेल्डिंग, हेच आपलं डोकं! सर हसले नाहीत. म्हणाले, "खरवस खाल्लायस ना? त्याला सुईदोऱ्याने शिवून बघ." स्वादुपिंड इतकं मऊ असतं की टाका ओढला की तो कापत बाहेर येतो. शिवाय जोडलेल्या जागेवरून दिवसाला दीड लिटर पाचक रस जाणार. म्हणून तिसऱ्या पायरीत सरळ हिशेब करतात. तुटलेल्या जागेच्या डावीकडचा भाग काढून टाकायचा, उरलेल्या भागाचं तोंड बंद करायचं आणि शेजारी रबरी नळी, म्हणजे ड्रेन, ठेवून द्यायचा. काही निवडक पेशंटमध्ये तोंडावाटे दुर्बीण घालून नळीत बारीक स्टेंट बसवतात, पण ते प्रत्येकाला जमतं असं नाही. डोक्याच्या बाजूची इजा असेल तर प्रकरण फारच अवघड. तिथे स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचं वळण आणि पित्ताची नळी एकत्र गुंतलेली. ते सगळं काढायची व्हिपल यांच्या नावाची जी मोठी शस्त्रक्रिया आहे, ती अपघाताच्या रात्री शक्यतो करत नाहीत. आधी रक्तस्राव थांबवायचा, ड्रेन ठेवायचे, पेशंटला सावरू द्यायचं, मग पुढचं. कारण अशा अपघातात पहिल्या दिवशी जीव जातो तो बहुधा आजूबाजूच्या मोठ्या रक्तवाहिन्या, यकृत, प्लीहा फुटल्याने. स्वादुपिंड मारतं ते नंतर, हळूहळू. रस झिरपत राहतो, गळू होतं, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. म्हणून निदानाला उशीर झाला की तोच पेशंट, तीच जखम, पण धोका कितीतरी वाढतो.

दुपारपर्यंत मास्तरचे वडील एस.टी.ने आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. सहीचा कागद पुढे आला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "साहेब, पोराला शुगर लागंल का?" मला वाटलं होतं खर्च विचारतील. सर्जन सर खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. म्हणाले, "बाबा, उजवीकडचा भाग राहतोय. तेवढ्यावर बहुतेकांचं भागतं. पण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शेपटीत जरा जास्त दाट असतात, म्हणून शुगर तपासत राहावी लागेल. आज नाही, उद्या नाही, पण कायम." वडिलांनी मान हलवली आणि सही केली.

मार लागल्यापासून वीस तासांच्या आत मास्तर टेबलवर होता. साडेचार तास लागले. शेपटीला चिकटलेली प्लीहा शक्य असेल तर वाचवतात, कारण ती गेली की काही जंतूंशी लढायची ताकद कमी होते आणि मग न्यूमोनिया, मेंदूज्वर यांच्या लसी घ्याव्या लागतात. मास्तरची वाचली. हुश्श! असं आम्हाला वाटलं. पण स्वादुपिंड एवढ्यावर सोडत नाही.

पाचव्या दिवशी ड्रेनच्या पिशवीतलं पाणी गढूळ यायला लागलं. ते तपासलं तर त्यात अमायलेज रक्तातल्यापेक्षा तिपटीहून कितीतरी जास्त. म्हणजे बंद केलेल्या तोंडातून गळती. फिस्टुला. नर्स सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नका, हे बऱ्याच जणांना होतं." खरंच होतं. त्यावर उपाय काय? तर ड्रेन चालू ठेवायचा आणि वाट बघायची. नाकातून बारीक नळी आतड्यात सोडून तिच्यातून पातळ आहार, म्हणजे स्वादुपिंडाला विश्रांती. रोज सकाळी पिशवीतलं पाणी मोजून लिहायचं. मी एका वहीत त्याचा ग्राफ काढायला लागलो. २२० मिली, २००, २१०, १८०... फ्लुइड मेकॅनिक्सच्या जर्नलमध्ये मी इतक्या मन लावून कधी रीडिंग घेतली नव्हती. चौतीसाव्या दिवशी वक्ररेषा शून्याला टेकली आणि पिशवी निघाली. कधी कधी असा रस आतच साचून त्याची थैली होते, तिला स्यूडोसिस्ट म्हणतात. ती मोठी झाली, त्रास द्यायला लागली, तर दुर्बिणीतून जठराला भोक पाडून आत रिकामी करतात. मास्तरवर ती वेळ आली नाही.

मास्तरची टर्म गेली. ज्या पोराचं एक लेक्चर बुडायचं नाही, तो आता आमच्या एक वर्ष मागे आहे. वजन अकरा किलोने उतरलं. तेलकट खाल्लं की त्रास होतो, म्हणून मेसमध्ये त्याच्यासाठी मावशी वेगळी भाजी काढून ठेवतात. दर तीन महिन्यांनी शुगर तपासतो. आजवर नॉर्मल आहे. पण 'नॉर्मल' या शब्दावर तो आता माझ्याइतकाच बेतानं विश्वास ठेवतो.

मित्रांनो, पोटाला मुका मार लागलेल्या शंभर जणांत स्वादुपिंडाला इजा झालेले पाचही निघत नाहीत. म्हणजे गाडीवरून पडलेला प्रत्येक जण घाबरून जावा असं मुळीच नाही. पण आपल्या होस्टेलमध्ये दर पावसाळ्यात दहा-पंधरा जण तरी पडतात, हे विंगमधल्या कुणालाही विचारा. जुना मुंबई रस्ता, बोपोडीचा चौक, बाजारातली गर्दी, ओले रस्ते, सगळं आपल्या रोजच्या वाटेवर आहे. म्हणून चार गोष्टी सांगून थांबतो.

एक, पोटाला हँडल, स्टिअरिंग, जिन्याचा कठडा, क्रिकेटची बॅट, काहीही लागलं असेल तर डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगा. 'गाडीवरून पडलो' एवढं पुरत नाही. कशाने, कुठे आणि किती वाजता. दोन, पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्या रात्री एकट्याने झोपू नका, रूम पार्टनरला सांगून ठेवा. पाठीत जाणारं दुखणं, पुढे वाकल्यावर बरं वाटणं, उलटी, ताप, पोट फुगणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता परत जा. तोपर्यंत वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने खाऊ नका, आणि पोटात दुखत असताना 'थोडं खाऊन बघ' असा आग्रहही कुणी करू नका. तीन, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही अँब्युलन्स २०१४ पासून आहे आणि फुकट आहे. पोलिसांचं लफडं मागे लागेल म्हणून रस्त्यावर पडलेल्याला सोडून जाऊ नका. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे.

चौथी गोष्ट स्टाफसाठी. सर, मॅडम, होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर फायर एक्स्टिंग्विशर कुठे आहे याची पाटी लावलेली आहे. तिच्याच खाली रात्री कुणाला उठवायचं, कुणाची गाडी मिळेल आणि चोवीस तास सर्जन असलेलं हॉस्पिटल कोणतं, अशी एक पाटी लागली तर बरं होईल. आमच्याकडे त्या रात्री वॉचमन काका होते. त्यांची ड्युटी पुढच्या वर्षी संपते आहे.